आठ दिवस मी चटणीला दोष दिला

हे लिहिण्यामागे माझे दोन हेतू आहेत. एक म्हणजे माझ्या वयाच्या कुणावर हा प्रसंग येऊ नये. दुसरा हेतू तितका चांगला नाही. मला एका माणसाला सोडायचं नाही. सत्तावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना क्षमेचे धडे शिकवले आणि अडुसष्टाव्या वर्षी पोटातून रक्त वाहून गेल्यावर कळलं, की तो धडा माझाच कच्चा राहिला आहे. ज्यांना गोडगोड अनुभव वाचायचा असेल त्यांनी इथेच थांबावं.

मी रेणापूरला एकटी राहते. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा प्रशांत नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात आहे आणि सून प्रज्ञा तिथल्याच एका कॉलेजात शिकवते. दोघं बोलावून थकले, पण मला माझं घर, माझं विहार आणि माझी कौसल्या सोडवत नाही. कौसल्या आमच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. दोघी निवृत्त झालो, तरी ती मला अजून 'बाई' म्हणते आणि मी तिला अजून कामं सांगते.

पुडी

गुडघ्यांनी दोन वर्षं छळलं होतं. विहारात वंदनेला सगळे सतरंजीवर बसायचे आणि मी भिंतीकडच्या खुर्चीत. मला त्याची फार लाज वाटायची.

मधुकर भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. एका खासगी दवाखान्यात ते तीस वर्षं कंपाउंडर होते, त्यामुळे गाव त्यांना अर्धा डॉक्टर समजतं. रिटायर झाल्यावर त्यांनी गुडघ्याची पुडी सुरू केली. वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यात बांधलेली राखट रंगाची पूड. रविवारी वंदना झाली की ते सतरंजीच्या कडेला पिशवी उघडून बसत आणि म्हातारीकोतारी माणसं त्यांच्याभोवती गोळा होत.

"जडीबुटी हाय, वहिनी. सकाळी एक, संध्याकाळी एक. साइड इफेक्ट काही न्हाई."

तिसऱ्या दिवशी मी जमिनीवर मांडी घालून बसले. खरंच बसले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पुढचे आठ महिने मी ती पुडी एक दिवस चुकवली नाही.

आता माझ्या हाडातच मास्तरीण आहे. एखादी गोष्ट मला पटली, की दुसऱ्याला पटवल्याशिवाय मला चैन पडत नाही. कौसल्याचे पाय दुखायचे, म्हणून मी तिच्याकडे पुड्या घेऊन गेले. ती आधी तयार नव्हती.

"नको बाई. असल्या पुड्यांनी पोटात आग पडती. माज्या मावशीचं झालतं तसं."

"मी घेते ना? मला काही झालं का? मग?"

मी असं म्हटल्यावर तिनं घेतली. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

चटणी

दरवर्षी मी कारळाची चटणी करते. कारळं खमंग भाजायची, लसूण, तिखट, मीठ घालून कुटायची. काळीभोर होते. एक चिनी मातीची बरणी भरून कौसल्याला जाते. महिन्याभरानं ती बरणी परत येते आणि परत येताना तिच्यात काहीतरी असतंच. कधी शेंगदाणे, कधी गुळाचा खडा, काहीच नसेल तर चिमूटभर साखर. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, एवढं आमच्याकडे लहान लेकराला पण माहीत असतं.

यंदा मला नांदेडला जायचं होतं, नातीचा वाढदिवस होता. त्याच्या आठेक दिवस आधीपासून मला संडासला काळं होत होतं. काळं म्हणजे डांबरासारखं, चिकट, आणि वास असा की माझं मलाच नकोसं व्हावं. हे मी उघड लिहिते, कारण न सांगून मी मरायला टेकले होते. मला वाटलं, चटणीचंच आहे. रोज भाकरीबरोबर दोन चमचे खात होते. चढ चढताना दम लागायचा, तर म्हटलं वय झालं. चक्कर यायची, तर म्हटलं ऊन आहे. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. शिक्षकाची खोड.

नांदेडला निघायच्या दिवशी कौसल्याचा फोन आला होता.

"बाई, औंदा चटणी लई काळी झाली हो. मला तर संडासला बी काळंच होऊन राहिलं."

मी हसले. "मला पण तसंच होतंय. कारळं चांगली मिळाली यंदा."

दोघी खूप हसलो.

चहाचा चोथा

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नांदेडच्या घरी मला मळमळलं. बेसिनपर्यंत पोहोचले आणि उलटी झाली. उकळलेल्या चहाचा चोथा असतो ना, तसं काहीतरी पडलं. मी ते पाण्यानं घालवणार होते, कुणाला कळू नये म्हणून. तेवढ्यात दुसरी उलटी आली आणि ती लाल होती. बेसिन भरून लाल.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. प्रज्ञानं मला बगलेत धरलं होतं. प्रशांत खाली ऑटोवाल्याला ओरडत होता. माझं लुगडं मागून घाण झालं होतं आणि मला रक्तापेक्षा त्याचीच शरम जास्त वाटत होती. प्रज्ञानं स्वतःची चादर माझ्याभोवती गुंडाळली आणि कानाजवळ म्हणाली, "आई, काही होत नाही. मी आहे." या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी कुरकुर केली होती. ते तिला माहीत आहे.

दवाखान्यात दोन्ही हातांना सुया लागल्या. तरुण डॉक्टर होते, शांत. त्यांनी विचारलं, "आजी, संडास काळी होत होती का?"

"होत होती. चटणीमुळं."

"दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

"नाही." मी अगदी ठाम सांगितलं. मी गोळी घेत नव्हते, पुडी घेत होते. माझ्या डोक्यात ती औषधात जमा नव्हतीच. खोटं बोलतेय असंही मला वाटलं नाही.

प्रशांत तिथेच उभा होता. "आठ दिवस? आई, तू आठ दिवस हे सहन करून राहिलीस अन् मला एक फोन न्हाई?"

तो रागावला की गावचं बोलतो. मी डोळे मिटून घेतले.

तीन पिशव्या

अतिदक्षता विभागात दिवस-रात्र कळत नाही. दिवे सारखेच. दर तासाला कुणीतरी येऊन दंडाला पट्टा आवळतं. समोरच्या खाटेवरचे आजोबा सारखे बायकोला हाक मारत होते आणि त्यांची बायको बाहेर बाकावर बसून होती, आत सोडत नव्हते. मला तोंडानं पाण्याचा थेंब नव्हता. ओठ फुटले होते. इस्लापूरकडची एक सिस्टर होती, तिनं कापूस ओला करून माझ्या ओठांवर फिरवला. त्या कापसाची चव मला आजही आठवते.

रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या. कुणाचं रक्त, कोणत्या जातीचं, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. मनातल्या मनात मी त्या तिघांना जय भीम केला.

दुर्बिणीच्या तपासणीची भीती सगळ्यांत मोठी होती. घशात कडू फवारा मारतात, तोंडात प्लास्टिकची कडी बसवतात आणि नळी आत जाते. ओकाऱ्या येतात, डोळ्यांतून पाणी वाहतं. पण दहा-पंधरा मिनिटांत संपतं. जे घाबरून नाही म्हणतात त्यांना मी सांगते, करून घ्या. त्याच नळीतून डॉक्टरांनी जखमेवर इंजेक्शन दिलं, एक बारीक क्लिप लावली आणि रक्त थांबवलं. पोट फाडावं लागलं नाही.

"जठरात मोठा अल्सर आहे," डॉक्टर बाहेर आल्यावर म्हणाले. "पण मला कारण सापडत नाहीये. आजी गोळ्या घेत नाहीत म्हणतात."

पर्समधून पडलेलं

कारण त्याच दुपारी सापडलं. प्रज्ञा आधार कार्डासाठी माझी पर्स उलटी करत होती, तर पाच पुड्या खाली पडल्या. ती त्या घेऊन थेट डॉक्टरांकडे गेली. दोघं माझ्या खाटेशी आले. डॉक्टरांनी पुडी उलगडली आणि मान हलवली.

"तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. पण असे पेशंट आमच्याकडे नेहमी येतात. जडीबुटीच्या नावाखाली दुखण्याच्या गोळ्या कुटून घालतात, बऱ्याचदा स्टिरॉइडसुद्धा. म्हणून तर दोन दिवसांत गुण येतो. पुड्या आता बंद. मात्र एकदम बंद केल्यावर फार गळून गेल्यासारखं झालं, तर घरी बसायचं नाही, लगेच सांगायचं."

मी आठ महिने मोजले. दिवसाला दोन. आणि मग मला कौसल्याचं हसणं आठवलं.

"प्रज्ञा, कौसल्याला फोन लाव. आत्ता लाव. तिलाही काळंच होतंय."

कौसल्याचा फोन बंद होता. तिचा मुलगा पुण्याला असतो, त्याचा नंबर माझ्या डायरीत आणि डायरी रेणापुरात. तिच्या घरापासून तिसरं घर भाऊजींचं. दुसरं कुणी सुचेना. प्रज्ञानं भाऊजींना लावून फोन माझ्या कानाशी धरला. बोलायला ताकद नव्हती, पण मी एकेक शब्द सुटा सुटा बोलले, पहिलीच्या पोरांना सांगावा तसा. "भाऊजी, तुमच्या पुडीनं मला रक्ताची उलटी झाली. कौसल्याला संडास काळी होतेय. तिला आत्ताच्या आत्ता लातूरला मोठ्या दवाखान्यात न्या."

"बरं बरं वहिनी. जातो, बघतो. तुमी आराम करा."

मोसंबी

दुसऱ्या दिवशी भाऊजी नांदेडला आले, मोसंब्यांची पिशवी घेऊन. मला तोवर बाहेरच्या वॉर्डात हलवलं होतं. खाटेशेजारी स्टुलावर बसले, इकडेतिकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, डॉक्टरला पुडीचं काही बोलू नका. घरातली गोष्ट हाय. तुमी तिखट लई खाता, त्याचंच हाय हे सगळं. ती चटणी बंद करा आधी."

मी तेही गिळलं. मला एकच ऐकायचं होतं.

"कौसल्याकडे गेला होतात?"

"गेलतो की कालच. बरी हाय. पाय दुखून राहिले म्हणत होती, एक पुडी देऊन आलो."

माझ्या उशाशी बसून, माझ्या हाताला लागलेल्या रक्ताच्या पिशवीकडे बघत, हा माणूस सांगत होता की पुडी देऊन आलो. त्याला कळत नव्हतं असं नाही. तीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या माणसाला काळी संडास कळते. तिला लातूरला नेलं असतं, तर डॉक्टरांनी विचारलं असतं, काय घेत होता? म्हणून नेलं नाही.

मी मोसंब्यांची पिशवी उचलली आणि त्यांच्या अंगावर फेकली. हातात जोर नव्हता, त्यामुळे ती त्यांच्या पायांशी पडली आणि मोसंब्या खाटांखाली गेल्या. सिस्टर धावत आली. भाऊजी उठून बाहेर गेले आणि प्रशांतला म्हणाले, "अशक्तपणानं डोक्यावर परिणाम झालाय."

प्रज्ञा तोवर फोनवर होती. तिनं आमच्या शाळेत लावला, शाळेतल्या बाईंनी कौसल्याच्या पुतण्याला गाठलं. तो घरी गेला तर दार आतून बंद. कडी तोडून आत गेला. कौसल्या मोरीत पडलेली होती. गार पडली होती, पण श्वास चालू होता. तासाभरात ती लातूरच्या दवाखान्यात होती.

त्या दिवसापासून मी खायला लागले. मिठाशिवायची मुगाची खिचडी, गार दूध, जे देतील ते. प्रज्ञाच्या खांद्याला धरून वॉर्डात फेऱ्या मारल्या. लोक म्हणाले, बाईंना जगायची जिद्द आहे. जिद्दबिद्द काही नव्हती. मला रेणापूरला उभ्यानं जायचं होतं आणि एका माणसाचा हिशेब चुकता करायचा होता. रात्री झोप येत नसे तेव्हा मी भाऊजींना काय काय बोलायचं ते पाठ करत असे.

घरात यावरून कडाक्याचं वाजलं. प्रशांतला लातूरच्या औषध खात्यात तक्रार द्यायची होती. नणंदेचे त्याला फोनवर फोन, "दादा गेल्यावर मधुकरनंच तुला आधार दिला, त्याला कोर्टाची पायरी दाखवशील?" प्रशांत डगमगला. मी म्हटलं, तू अर्ज लिही, सही माझी आहे. पाचातल्या चार पुड्या मी अर्जासोबत दिल्या. एक मात्र ठेवून घेतली.

रविवार

दीड महिन्यानं मी विहारात गेले. पुन्हा खुर्चीत बसले, कारण गुडघे पुन्हा होते तसे झाले होते. वंदना झाली. वीस-पंचवीस माणसं होती. भाऊजींनी सवयीनं पिशवी जवळ ओढली. दोन बायका मरता मरता वाचल्या, तरी पिशवी येतच होती. हे उष्णतेनं झालं, असं त्यांनी लोकांना सांगितलं होतं आणि लोकांना ते पटलं होतं.

मी पाण्याचा पेला भरला. काठी टेकत त्यांच्यापुढे गेले, पेला ठेवला, कमरेची पुडी काढून उलगडली आणि पेल्याशेजारी ठेवली.

"भाऊजी, घ्या. सगळ्यांसमोर."

"माजे गुडघे बरे हायत, वहिनी." ते हसले.

"जडीबुटी आहे. साइड इफेक्ट काही नाही. घ्या."

ते पेल्याकडे बघत बसले. मी वळले. पलीकडे माझी जाऊ विमल बसली होती. गुडघ्याला पट्टा, शेजारी काठी. तिचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत, हे सगळ्या गावाला माहीत.

"मग विमलला द्या. तिला किती गुण आला पुडीचा?"

विमल आयुष्यात चारचौघांत बोललेली नाही. तिनं खाली बघतच सांगितलं, "मला देत न्हाईत ते. एकदा मी आपली आपण घेतली, तर हातातून हिसकून घेतली. म्हणले, ही तुज्यासाठी न्हाई."

मग एका म्हाताऱ्यानं खिशातून पुड्या काढून सतरंजीवर ठेवल्या. त्याच्या शेजारणीनं बटव्यातून काढल्या. ढीग झाला. भाऊजी पिशवी तिथेच टाकून, चपला हातात घेऊन बाहेर पडले. ते पुन्हा विहारात आलेले नाहीत. तक्रारीचं पुढे जे व्हायचं ते होईल. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला रक्त चढवल्यावरही वाटलं नव्हतं.

बरणी

तशीच मी कौसल्याकडे गेले. ती लातूरहून आल्यावर आमची ही पहिलीच भेट. फोनवर ती हो-नाही एवढंच बोलायची, मला वाटलं थकवा असेल. खाटेवर बसली होती, अर्धी झाली होती. मी धापा टाकत तिला सगळं सांगितलं, पेला, पुडी, विमल, चपला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं केलंत," ती म्हणाली. मग उठली, भिंतीला धरत आत गेली आणि माझी चिनी मातीची बरणी घेऊन आली. घासलेली, पुसलेली. माझ्या हातात दिली. मी सवयीनं झाकण उघडलं.

आत काही नव्हतं.

"कौसल्या…"

"तुमच्या भाऊजीनं तुमाला फसवलं, बाई. मला पयली पुडी त्यानं न्हाई दिली. मी नको म्हणत होते. तुमी दिली."

"मीच फोन केला ना गं. मीच तर…"

"हाव. वाचवलं बी तुमीच. ते मी इसरले न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "चहा ठेवू का?"

आम्ही चहा प्यायलो. मी बरणी काखेत धरून घरी आले आणि फळीवर ठेवली.

म्हणून सांगते, काळी, चिकट संडास झाली, तर चटणीला, उन्हाला, वयाला दोष देत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. डॉक्टरांनी विचारलं की पुडी, काढा, मलम, सगळं सांगा. आणि स्वतःला गुण आला म्हणून दुसऱ्याच्या हातावर काही ठेवू नका.

मी दर आठवड्याला कौसल्याकडे जाते. ती चहा देते, नातवाचं सांगते, बरणीचा विषय काढत नाही. मी भाऊजींना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. तिनं मला केलेलं नाही. या वर्षीची कारळं घरात येऊन पडली आहेत, मी ती अजून भाजलेली नाहीत.